वरची सही, खालची सही

आमच्या ह्यांनी बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली सतरा सह्या तपासण्यात. बाकीच्यांना माणसं चेहऱ्यावरून आठवतात, ह्यांना सहीवरून. एका निवृत्त मास्तरांची पैसे काढायची स्लिप ह्यांनी सही जुळत नाही म्हणून एकाच दिवशी तीनदा परत केली होती. ही हकिगत आमच्याकडे प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर ऐकावी लागायची.

परदेशात लेकीकडे जायचं ठरलं, तेव्हा कार्डं अजून सर्रास झाली नव्हती. ह्यांनी वीस ट्रॅव्हलर्स चेक घेतले. त्यांचा नियम सोपा. चेक घेताना वर एक सही करायची आणि तिकडे वटवताना खाली दुसरी, कॅशियरच्या डोळ्यांदेखत. दोन्ही जुळल्या की पैसे हातात. वरच्या सह्यासुद्धा बँकेतच करायच्या असतात, पण जुन्या सहकाऱ्यांसमोर पेन धरणं ह्यांच्या जिवावर आलं. वर्षभर उजवा हात थरथरत होता आणि माझ्याखेरीज कोणाला त्याचा पत्ता नव्हता. "घरी निवांत करतो," असं सांगून पुडकं घेऊन आले. जन्मभर नियमावर बोट ठेवलेल्या माणसाने नियम मोडला तो असा.

त्या संध्याकाळी पाच सह्या झाल्या. पाचवीला घाम फुटला, पेन आपटलं आणि जाऊन आडवे झाले. उरलेल्या पंधरा मी ठोकल्या. त्यात नवीन काही नव्हतं. लेकीच्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं ह्यांची सही मीच करत आले होते, ह्यांना बँकेतून यायला उशीर व्हायचा म्हणून. पुडकं मी बॅगेत टाकलं. त्यांनी विचारलं नाही, मीही बोलले नाही. विचारलं असतं तर हाताचा विषय निघाला असता.

वाटेत दोन शहरं बघून मग लेकीकडे जायचा बेत होता. पहिले पाच चेक झकास वटले. वर थरथरती, खाली थरथरती. सहाव्याची वेळ आली ती नेमकी नको त्या दिवशी. लेकीचं ऑपरेशन अचानक ठरलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळीच. तिच्या गावाला जाणारी गाडी दिवसातून एकच, दीडची. तिकिटं काढायची होती आणि लॉजवाल्याने बिल मिळेपर्यंत आमच्या बॅगा कुलपात ठेवल्या होत्या. खिशात चहापुरती चिल्लर.

काउंटरवरची कॅशियर आमच्या लेकीहून लहान असेल. तिने सही बघितली, पासपोर्ट बघितला, पुन्हा सही बघितली आणि शांतपणे सांगितलं की जुळत नाही. आणखी एक चेक करून बघा, म्हणाली. तोही जुळला नाही तर सगळं पुडकं ठेवून घ्यावं लागेल आणि वर कळवावं लागेल.

ह्यांनी चेक मागून घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि कागद नाकाजवळ नेला.

"बरोबर आहे तिचं," मला म्हणाले. "वरची माझी नाही."

"माझी आहे."

"ते दिसतंय. शेवटची दोन टिंबं देताना तू पेन दाबतेस. प्रगतिपुस्तकावरही दाबायचीस."

म्हणजे दहा वर्षं माहीत होतं ह्या माणसाला! आधी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मग राग आला. पण अकरा वाजून गेले होते, आणि भांडायला वेळ नव्हता.

आम्ही भिंतीकडच्या बाकावर बसलो. ह्यांनी एक कोरी स्लिप उलटी केली. "कशी करतेस ते दाखव."

"तुम्ही एकेक अक्षर काढत बसता, तिथे हात अडतो. मी एका दमात वर नेते. मग खाली रेघ, मग टिंबं. मनगट टेकवा."

आयुष्यभर खोट्या सह्या पकडलेला माणूस बायकोकडून स्वतःची सही शिकत होता. पहिली फिसकटली. दुसरीची रेघ नाचली. आठवीपर्यंत स्लिप भरून गेली. मला त्यांची फार दया आली, आणि ती दिसू नये म्हणून मी घड्याळाकडे बघत राहिले.

काउंटरवर त्यांनी मनगट टेकलं आणि पुढच्या चेकवर सही केली. रेघ थोडी हललीच. कॅशियरने वरची सही बघितली, खालची बघितली. मग तिची नजर ह्यांच्या हातावर गेली. तो अजून काउंटरवरच थरथरत होता, मागे घ्यायचं ह्यांना सुचलं नव्हतं. तिने शिक्का मारला, नोटा मोजून दिल्या आणि पाण्याचा एक पेला ह्यांच्यापुढे सरकवला. ह्यांनी तो दोन्ही हातांनी धरून संपवला.

बाहेर आलो तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. गाडी मिळणार होती. लॉजकडे जाताना मी विचारलं, "जुळली होती का हो?"

"नाही. मी असतो तर परत केली असती."

चार पावलं गेले आणि रस्त्यातच थांबले.

"त्या मास्तरांचाही हात असाच हलत होता," म्हणाले. "मला दिसला होता."