मिरचीची ओढणी

१९७३ साली माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि माझी लग्नातली जाळीची ओढणी सासूबाईंनी मिरचीच्या झाडांवर टाकली.

स्त्रुमिचा शहराजवळच्या आमच्या गावात वेलिकाबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, गोड लाल मिरची प्रसिद्ध होती. बी त्यांच्या आईकडून आलेलं. त्या वर्षी शेजारच्या ग्लिगोरनं कुंपणाला लागून तिखट मिरची लावली.

"ग्लिगोर, ती उपट. मधमाश्या तुझा तिखटपणा माझ्या फुलांत आणतील. यंदा फळ गोड लागेल, पण बी बिघडेल. पुढच्या वर्षी तोंड भाजेल!"

"मधमाश्यांना सांग, वहिनी, वळसा घालून जा म्हणावं."

सासूबाईंनी घरात येऊन माझी पेटी उघडली.

"आई, माझी ओढणी आहे ती!"

"परत लग्न करणार आहेस?"

"नाही."

"मग?"

बियाण्यासाठी राखलेल्या दोन झाडांवर ओढणी चढली. मधमाश्या आत येईनात, म्हणून पराग झडून फळ धरावं यासाठी आई रोज सकाळी झाडं हळूच हलवायच्या. ग्लिगोर कुंपणावरून विचारायचा, "नवरी लाजते का गं? नवरदेव कधी येणार?"

मग एका दुपारी त्याची शेळी आत शिरली आणि जवळजवळ सगळी ओढणी खाऊन गेली. झाडांना फुलं आलेली, वर मधमाश्यांची गर्दी. आई हातानं मधमाश्या हाकलत राहिल्या.

संध्याकाळी ग्लिगोर आला, हातात पिवळी पडलेली जाळी. "माझ्या स्तोयनाची आहे, आमच्या लग्नातली. घे."

"ओढणी नको. मिरच्या उपट."

"त्याही तिच्याच, वहिनी. जाण्याआधी तिनंच बी धरलं होतं."

आईंनी जाळी हातात घेऊन उलटीपालटी केली. मग मला म्हणाल्या, "कात्री आण."

"कापणार? स्तोयना वरून बघत असेल तर मला मारेल!"

"तुला ती रोजच मारायची. अर्धी माझ्या झाडांना, अर्धी तुझ्या. तिचं बी तरी का बिघडायचं?"

आलेली फुलं खुडून टाकली आणि नव्या कळ्यांवर दोन्हीकडे जाळी चढली.

शेळी त्याच हिवाळ्यात शिजली. आईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. ग्लिगोर पुढे मुलीकडे मेलबर्नला गेला, कोटाच्या अस्तरात तिखट बी शिवून, आणि तिथेच वारला. मुलगी अजून ती मिरची लावते. आई ऐंशीच्या पुढे जगल्या, शेवटच्या उन्हाळ्यातही खुर्ची नेऊन झाडं हलवायच्या.

स्तोयनाची ती अर्धी ओढणी आता ठिगळांनी भरली आहे. नात म्हणाली, "आजी, नवी जाळी बाजारात मिळते." मिळत असेल. माझी मिरची अजून गोड आहे.