गजकाकांचा कोरा चेहरा

सुट्टीवर गेलेल्या माणसाने निदान सुट्टीत तरी स्वयंपाकघरात पाऊल टाकू नये, असं काकूंचं साधं म्हणणं होतं आणि ते कुणालाही पटावं असंच होतं.

"जन्म गेला ओट्यापाशी," त्या म्हणाल्या, "आणि एवढ्या लांब येऊन काय, तर पुन्हा कांदेच चिरायचे?"

"अगं, इथलं खास काहीतरी शिकवतात म्हणे. गंमत म्हणून जाऊ," काका म्हणाले.

गंमत हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला तेव्हाच काकूंनी सावध व्हायला हवं होतं. कारण या गृहस्थांनी गंमत म्हणून आजवर काहीही केलेलं नव्हतं. पण काकूंनी फारसे आढेवेढे घेतले नाहीत. नको म्हणावं तर का नको ते सांगावं लागलं असतं, आणि ते त्यांना सांगायचं नव्हतं. ते पुढे येईलच.

गजकाका हे त्यांचं गल्लीतलं नाव. कापडाच्या एका मोठ्या दुकानात त्यांनी काउंटरमागे हातात लोखंडी गज घेऊन उमेदीची सगळी वर्षं काढली. तिथे कापड मोजायला तर ते शिकलेच, पण आणखी एक विद्या शिकले, ती म्हणजे चेहरा कोरा ठेवण्याची. गिऱ्हाईक बाईने अगदी न शोभणारा रंग खांद्यावर टाकून "कसा दिसतो?" असं विचारलं, तरी विकणाऱ्याच्या कपाळावर आठी दिसता कामा नये. बाईला राग आला की ती शेजारच्या दुकानात जाते. ही विद्या दुकानात ठीक होती. शटर ओढताना ती आतच ठेवून यायची असते, एवढं मात्र काकांना कुणी शिकवलं नव्हतं.

हिवाळ्यात काकू तापाने आडव्या झाल्या होत्या. उठल्यावर त्यांनी केलेली पहिलीच भाजी खारट होती. आजारातून उठलेली बाई, तिला काय बोलायचं, म्हणून काका मुकाट्याने जेवले. दुसऱ्या दिवशी आमटी खारट. मग रोजच. आणि तेव्हापासून काकूंनी एक नवीनच सुरू केलं होतं. स्वयंपाक होत आला की त्या हाक मारायच्या, "अहो, जरा मीठ बघा हो," आणि काकांच्या तळहातावर थेंबभर रस टाकायच्या. काका तो चाटून म्हणायचे, "छान आहे." काकू त्यांच्याकडे क्षणभर बघायच्या, वळायच्या आणि भांड्यात आणखी मीठ टाकायच्या.

आत्ताच छान आहे म्हणून सांगितलं आणि ही परत टाकतेय, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काका घाबरले. कारण काकूंच्या आईचं म्हातारपण त्यांनी जवळून पाहिलं होतं. सासूबाई आधी गॅस बंद करायला विसरायच्या, मग जेवण झालेलं विसरायच्या, आणि शेवटी समोर बसलेली लेक कोण हेही त्यांना सांगता येईना. काकूंचं तेच सुरू झालं असेल तर? डॉक्टरांकडे न्यावं तर कशासाठी ते बोलावं लागणार. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला काका काही तयार नव्हते. तोंडातून शब्द काढला की ते खरं होईल, अशी त्यांची भाबडी समजूत होती. असली समजूत करून घेणारे नवरे घरोघरी असतात, आणि ते स्वतःला फार समजूतदार समजतात.

म्हणून हा वर्ग. शिकवणारी परकी, पदार्थ नवा, कृती आयुष्यात कधी न केलेली. हिला सांगितलेलं लक्षात राहतं का, क्रम चुकतो का, ते समोरासमोर कळेल. काकांनी बायकोची परीक्षा घ्यायचं ठरवलं होतं आणि त्याला गंमत असं नाव दिलं होतं.

वर्ग एका कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होता. लाकडी जिना चढून गेलं की लांबट खोली, मधोमध खोलीभर लांब टेबल, त्यावर समोरासमोर दोन-दोन शेगड्या. खिडकीतून मागचं अंगण दिसायचं आणि तिथे दोरीवर चादरी वाळत होत्या. शिकवणाऱ्या बाई ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. काकांनी मनातल्या मनात त्यांचं नाव मास्तरीणबाई ठेवून टाकलं. शिकायला आणखी तिघंच होती. एक नुकतं लग्न झालेलं जोडपं आणि एक दातांचा डॉक्टर, जो एकटाच फिरायला आला होता.

"नवरा-बायको एका शेगडीवर नाहीत," मास्तरीणबाईंनी पहिलाच नियम सांगितला. "माझ्या चांगल्या सुऱ्या आहेत, उगीच एखादी वर्मी लागायची."

मग काकू दातांच्या डॉक्टरबरोबर, काका त्या नव्या नवरीबरोबर, आणि नवऱ्या मुलाला खुद्द मास्तरीणबाईंनी आपल्या हाताखाली घेतलं. काकूंची शेगडी काकांच्या अगदी समोर आली. काकांना हेच हवं होतं. काकूंनाही तेच हवं होतं, हे काकांना ठाऊक नव्हतं.

करायचा होता फरसबीसारख्या शेंगांचा आणि बटाट्यांचा घट्ट रस्सा. त्या भागात तो घरोघरी करत, आणि प्रत्येक घरी आपलाच खरा असं म्हणत. आधी कांदा मंद आचेवर, रंग न बदलू देता. मग लसूण. मग टोमॅटो, त्याचं पाणी पूर्ण आटेपर्यंत. शेंगा नंतर, बटाटे त्याच्याही नंतर. मास्तरीणबाई एकदाच सांगत आणि पुढे जात.

काकांचं स्वतःच्या शेगडीकडे लक्षच नव्हतं. नवरी बिचारी एकटीच ढवळत होती. काका टेबलापलीकडे बघत होते, आणि तिथे जे दिसत होतं त्याने त्यांचा जीव हळूहळू भांड्यात पडत होता. काकूंचा हात सराईतपणे चालला होता. डॉक्टरने टोमॅटो उचलले तसं त्यांनी त्याला थांबवलं.

"लसूण राहिलाय तुमचा. दात उपटल्यावर औषध लावाल की औषध लावून दात उपटाल?"

डॉक्टर हसला. मास्तरीणबाई लांबून म्हणाल्या, "या काकू उद्यापासून माझ्या जागी."

काकांना एकदम हलकं वाटलं. विसरते कुठली ही, उलट दुसऱ्याला आठवण करून देते आहे. त्यांनी पहिल्यांदाच आपल्या पातेल्यात डोकावून पाहिलं आणि नवरीला म्हणाले, "छान चाललंय तुमचं."

"आता मीठ," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मोजून सांगणार नाही. थोडं घाला, चाखा, मग ठरवा."

काकूंनी मीठ घातलं, ढवळलं, चमच्यावर फुंकर मारून रस तोंडात घेतला. मग घरच्यासारखाच थेंबभर रस टेबलापलीकडे काकांच्या तळहातावर टाकून त्यांनी थेट त्यांच्या तोंडाकडे बघितलं. काकांनी वर्षानुवर्षांच्या सवयीने चेहरा कोरा केला. काकूंनी डब्यात हात घातला आणि आणखी मीठ टाकलं. पुन्हा थेंब दिला, तोंडाकडे बघितलं आणि पुन्हा टाकलं.

काकांच्या हातातला चमचा तसाच राहिला. आत्ता तर सगळं बरोबर चाललं होतं, आणि क्षणात हे.

"आता शेगड्या बदला आणि एकमेकांचं चाखा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "खोटी स्तुती केली तर भांडी घासायला लावीन."

डॉक्टरने आपल्याच पातेल्यातला रस आधी चाखला आणि त्याला ठसकाच लागला. पाणी पिऊन तो चाचरत म्हणाला, "काकू, मला वाटतं मीठ दोनदा पडलं."

"बघू," म्हणत काका टेबलाला वळसा घालून आले. ते जवळजवळ धावतच आले. त्यांनी चमचाभर रस तोंडात घेतला. घशाला अक्षरशः चरका बसला, पण भुवईसुद्धा हलली नाही. "काही नाही, छान आहे," ते म्हणाले. "चांगलंच झालंय."

मग मास्तरीणबाईंनी चाखलं. त्यांनी सरळ मोरीत जाऊन चूळ भरली.

"काका," त्या परत येऊन म्हणाल्या, "एक तर तुमची जीभ कामातून गेली आहे, नाही तर तुम्ही पक्के लबाड आहात."

त्यावर नवरा-नवरी हसली. काकू हसल्या नाहीत. त्या काकांकडे बघत होत्या, आणि आता बघणं वेगळं होतं.

"अहो," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "खरं सांगा. खारट आहे?"

"थोडंसं."

"थोडंसं की खूप?"

काकांनी पाण्याचा पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला.

"घरीसुद्धा असंच असतं?"

काकांनी मान हलवली. चेहरा अजून कोराच होता, पण मान खरं बोलली.

"कधीपासून?"

"तू तापातून उठलीस तेव्हापासून."

मास्तरीणबाई शहाण्या होत्या. त्यांनी बाकीच्यांना बशा पुसायच्या निमित्ताने खिडकीकडे नेलं. काकू स्टुलावर बसल्या. त्यांचे हात मांडीवर होते आणि बोटांना मीठ लागलेलं होतं.

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं..." काकांना ते वाक्य कितीतरी दिवस गिळता आलं नव्हतं आणि बाहेरही काढता आलं नव्हतं. "मला वाटलं तू विसरतेस. मी छान म्हणायचो आणि तू लगेच परत टाकायचीस. तुझ्या आईसारखं होतंय की काय, असं वाटलं गं."



"विसरत नाही मी," काकू म्हणाल्या. "मला चव लागत नाही. तापानंतर गेली ती गेलीच. वास नाही, चव नाही, जिभेवर कापूस ठेवल्यासारखं. म्हणून तर तुम्हाला हाक मारायची. छान तर तुम्ही कशालाही म्हणता, त्यावर कोण विश्वास ठेवेल? मी तुमच्या तोंडाकडे बघायची. इतकी वर्षं जेवण जमलं की तुम्ही नाकातून हं करता. तुम्हाला ठाऊकही नसेल. ते हं येईना. तोंड आपलं कोरं. म्हणजे अळणीच असणार, असं समजून मी वाढवत गेले."

काकांना आधी ते नीट कळेना. मग कळलं. ते कोरा चेहरा ठेवत होते म्हणून ती मीठ वाढवत होती, आणि ती मीठ वाढवत होती म्हणून ते घाबरून चेहरा आणखी कोरा ठेवत होते. दोघांनी मिळून एकमेकांना किती जपलं होतं, आणि त्यातून काय निघालं, तर रोज दोन वेळा मिठाचं पाणी.

"आणि तू तरी का नाही बोललीस?"

"काय बोलू? सगळ्या नातेवाइकांत माझ्या हाताचं नाव. चव गेली म्हटलं की लेक येऊन ओटा ताब्यात घेणार आणि मला खुर्चीवर बसवून म्हणणार, आई, तू आता आराम कर. मला नको तसला आराम."  मग त्यांचा आवाज एकदम कडक झाला. "आणि तुम्ही ते सगळं खाल्लंत?"

"हो."

"पानात टाकायचं होतंत की."

"टाकलं असतं तर तुला कळलं असतं."

"निघण्याआधी आपले डॉक्टर ओरडले ते ब्लडप्रेशरवरून..."

"हो. म्हणाले, जेवणातलं मीठ निम्म्यावर आणा. मी बरं म्हटलं."

काकूंनी कपाळाला हात लावला. मिठाचा पांढरा ठसा कपाळावर उमटला. रागवावं की रडावं हे त्यांना ठरवता येईना, आणि तेवढ्यात काकाच हसायला लागले. आधी खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी आलं. बायकोचं डोकं शाबूत होतं. नुसती चव गेली होती. त्या क्षणी त्यांना हे अगदी क्षुल्लक वाटलं, पण तसं बोलून दाखवायचा धीर झाला नाही, आणि तो झाला नाही हे बरंच झालं, कारण काकूंच्या दृष्टीने ते मुळीच क्षुल्लक नव्हतं.

मास्तरीणबाई येऊन पातेल्यात डोकावल्या. "हे काही सुधारत नाही," त्या म्हणाल्या. "कांदे आहेत, शेंगा आहेत. पुन्हा करा. आणि आता माझा नियम मोडा. दोघं एकाच शेगडीवर."

मग काकांनी कांदे चिरले. वाईट चिरले. काकूंनी फोडणी केली, आणि शेवटी मीठ घालून चमचा पुढे केला. काकांनी रस चाखला. तोंडातून सवयीने "छान" बाहेर पडणार होतं. ते त्यांनी दातांशी अडवलं.

"अळणी आहे," ते म्हणाले. बायकोच्या स्वयंपाकाला आपणहून नाव ठेवण्याची ही त्यांची पहिलीच वेळ, त्यामुळे आवाज गिऱ्हाइकाची माफी मागितल्यासारखा निघाला.

काकूंनी चिमूटभर टाकलं. पुन्हा चमचा.

"अजून जरासं."

पुन्हा चमचा. काकांनी डोळे मिटले, आणि त्यांच्या नाकातून तो आवाज आला. काकूंनी डब्याचं झाकण लावून टाकलं.

सगळे टेबलाभोवती जेवायला बसले. पावाचे तुकडे मोडून रश्शात बुडवायला सुरुवात झाली. डॉक्टरने दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि त्याला ठसका लागला नाही. काकूंच्या पुढची बशी मात्र तशीच होती.

"जेव ना," काका म्हणाले.

"जेवून काय करू? मला कापूसच लागणार." त्यांनी बशी जवळ ओढली. मग म्हणाल्या, "सांगा तरी, कसं झालंय?"

"छा..." काका थांबले. लग्नापासून त्यांनी या प्रश्नाला एकच उत्तर दिलं होतं. आता दुसरं शोधायचं म्हणजे घास नीट चावणं आलं. त्यांनी चावला. "आधी आंबट लागतं," ते सावकाश म्हणाले. "टोमॅटोचं. पण जास्त नाही, जिभेच्या कडेला नुसतं. मग कांदा गोड लागतो. आणि बटाटा आहे ना, त्यात..."

"थांबा," काकू म्हणाल्या. त्यांनी पावाचा तुकडा रश्शात बुडवला. "मी घास घेते. मग सांगा."