आधी पेट्रोल की आधी ठिणगी

दुपारी लाइट जाणार होती. लाइनचं काम, संध्याकाळपर्यंत पुरवठा बंद, असा कागद वीज कार्यालयाने गल्लीच्या तोंडाशी चिकटवला होता. आईच्या ऑक्सिजनच्या मशीनला जोडलेली बॅटरी जेमतेम तासभर तग धरायची. सिलिंडरवाला उद्याशिवाय येत नव्हता. आणि बाबांनी लष्कराच्या लिलावातून हौसेने उचलून आणलेला हिरवा जनरेटर, ते गेल्यापासून मागच्या शेडमध्ये ढिम्म बसून होता. लेकीने काल हँडल फिरवून फिरवून खांदा दुखवून घेतला, पण त्याने साधा खोकलासुद्धा काढला नाही.

म्हणून तिने पानाकाकांना बोलावलं. पानाकाका हे बाबांचे लष्करातले जोडीदार. उमेदीची सगळी वर्षं दोघांनी एकाच वर्कशॉपमध्ये, ट्रकखाली उताणं पडून काढली होती. जेवतानासुद्धा हातात पाना, म्हणून बाबांनीच त्यांचं हे नाव ठेवलं होतं. काका सकाळीच आले. चहा झाला, मग आणखी एक झाला, मग त्यांनी जनरेटरभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला, "पेट्रोल."

"काका, पेट्रोल कालच नवीन भरलंय."

"टाकीत भरलंस, पोरी. ते पुढे जातंय का, हे कोण बघणार?"

"बाबा आधी ठिणगी बघायचे."

"तुझा बाप जन्मभर आधी ठिणगीच बघत आला," काका बाह्या सरसावत म्हणाले, "म्हणून तर जन्मभर माझ्याशी भांडला."

तिथून पुढे सगळी सकाळ पेट्रोलची. नळी सोडली, फुंकली, परत लावली. फिल्टर धुतला. कार्बोरेटर उतरवून त्याचे बारीकसारीक तुकडे जुन्या चादरीवर मांडले. आणि हाताबरोबर तोंडही चालू.

"छावणीत सिनेमा लावलेला. अख्खी पलटण जमिनीवर बसलेली. ऐन रंगात आला आणि जनरेटर गचकला! लोक असे ओरडायला लागले की मेजरसाहेब स्वतः टॉर्च घेऊन आले. तुझा बाप प्लग काढून बसलाय. मी म्हटलं, बाजूला हो. नळीत कचरा! एक फुंकर मारली—"

"बाबा सांगायचे, वायर तुटली होती."

"सांगणारच!"

ही गोष्ट तिने लहानपणापासून शंभरदा ऐकली होती, फक्त तिच्यात फुंकर नव्हती, वायर होती. एरवी तिला हसू आलं असतं. आत्ता चादरीवरच्या त्या तुकड्यांकडे बघून तिच्या डोक्याची शीर ठणकत होती. वर्षश्राद्ध घालावं तशा सावकाशीने हा माणूस एकेक स्क्रू पुसत होता.

"काका, गोष्टी नंतर. लाइट कधीही जाईल."

"घाईने मशीन चालत नाही."

"आईचंही चालत नाही, लाइट नसली की."

काकांनी पुढचा स्क्रू उचलला. पण हातांचा वेग काही वाढला नाही.

आणि घरातला पंखा थांबला. तिने आत धाव घेतली. ऑक्सिजनचं मशीन बॅटरीवर गेलं होतं, त्याचा पिवळा दिवा लागला होता. नाकाला नळी लावून उशांना टेकलेली आई म्हणाली, "अजून जुळत नाही का त्यांचं, पेट्रोल आणि ठिणगीचं? आज तर भांडायला दुसरं कोणी नाहीये."

ती परत आली तेव्हा कार्बोरेटर जागेवर होता आणि काका हँडल फिरवून घामाघूम झाले होते. इंजिन थंड.

"आता ठिणगी," ती म्हणाली. आवाज चढला होता, तो तिने उतरवला नाही. "आत्ताच्या आत्ता. नाहीतर मी तरी उघडते."

काकांनी प्लगची वायर काढून लोखंडाजवळ धरली. तिने हँडल मारलं. काहीच नाही. पुन्हा मारलं. काहीच नाही. काकांचा चेहरा उतरला. मान न वळवता त्यांनी, प्लगच्या वायरी जिथून निघतात त्या डिस्ट्रिब्युटरच्या क्लिपा सोडल्या, झाकण काढलं आणि आत बघतच राहिले.

"रोटर नाहीये," ते म्हणाले. "अंगठ्याएवढा काळा तुकडा असतो, वर पितळेची पट्टी. प्रत्येक प्लगला ठिणगी तोच वाटतो." मग ते खाली बसले. "तुझ्या बापानेच काढून नेला असणार. आम्हाला कायमचा हुकूम होता. गाडी सोडून जायचं, तर रोटर खिशात. शत्रूच्या हाती लागली तरी चालता कामा नये."

"शत्रू कोण, काका? आई?"



बाबांना हॉस्पिटलात नेलं त्या दिवशी, दारात अॅम्ब्युलन्स उभी असताना बाबा छातीवर हात ठेवून मागे शेडकडे गेले होते. ते चपला घ्यायला गेले असं तिला वाटलं होतं.

हॉस्पिटलने दिलेली कपड्यांची पिशवी आईच्या खोलीतल्या कपाटावर होती. तिला कोणी हात लावला नसेल असं ती धरून चालली होती. तिने स्टूल घेतलं, पिशवी काढली, गाठ सोडली. शर्टाच्या खिशात रुमाल होता, फणी होती. पँटचे खिसे रिकामे होते. तिने ते उलटे करून पाहिले.

"काय शोधतेस?" आईने विचारलं.

"एक काळा तुकडा. पितळेची पट्टी असलेला. बाबा असे होते ना, आई, की—"

आईने उशाखालून चष्म्याचं घर काढलं. त्यात चष्मा नव्हता. आतला काळा तुकडा तिने हातात घेतला.

"हा? पिशवी आली त्याच दिवशी मी काढला. कशाचा ते कळेना. पण शेवटपर्यंत जवळ ठेवला होता त्यांनी."

"दे, आई."

"कशाला?"

"तुझं मशीन त्याच्यावर चालणार आहे."

"चालतंय की अजून."

मशीन त्याच क्षणी टीं टीं करायला लागलं. पिवळा दिवा लाल झाला. लेक हात पुढे करून उभी राहिली. आईने मूठ उघडली नाही.

"परत देशील?"

"अगं, तो इंजिनात राहायला लागतो!"

"त्यांनी काढून आणला ना? मग तूही आण."

"आणीन. दर वेळी आणीन. दे आता, माझे आई!"

काकांनी रोटर बसवला, झाकण लावलं. तिसऱ्या हँडलला इंजिन खोकलं, धुराचा लोट सोडला आणि शेडचे पत्रे थडथडायला लागले. आत मशीनचा दिवा हिरवा झाला. काका दारातूनच ओरडले, "कार्बोरेटर साफ केला म्हणून लागला हं! नुसत्या ठिणगीने नाही!"

त्यांचे डोळे पाणावले होते. धुराने असेल.

संध्याकाळी लाइट आली. काका केव्हाच घरी गेले होते. तिने जनरेटर बंद केला आणि दमलेली, चिडलेली, तशीच त्याच्यापुढे उकिडवी बसली. एक क्लिप सुटली. दुसरीने बोट भाजलं. यापुढे दर वेळी लाइट गेली की आईकडे हात पसरायचा आणि आली की हे उघडत बसायचं, बाबांना काय सुचलं, असं पुटपुटत तिने झाकण काढलं, रोटर पदराला पुसला आणि आत नेऊन आईच्या हातावर ठेवला.

"गरम आहे," आई म्हणाली आणि तिने मूठ मिटली.