दोनदा थोपटा

मी एक जुनी मॅट आहे. मित्रांनो, तुम्ही झोपता ती गादी वेगळी आणि मी वेगळी. माझ्यावर कोणी झोपायला येत नाही, पडायला येतात. ज्युदो शिकवायच्या एका हॉलमध्ये अगदी मधोमध माझी जागा आहे. आजूबाजूला माझ्या बहिणी एकमेकींना खेटून पसरल्या आहेत. पण सगळ्यात जास्त माणसं मधोमध पडतात, म्हणून सगळ्यात आधी मीच खचले.

कारखान्यात स्पंजचा चुरा दाबून दाबून मला घडवलं. वर हिरवं जाड रेक्झिन चढवलं, खाली खरखरीत कापड चिकटवलं. नवी होते तेव्हा इतकी कडक होते, की मुलं कुरकुरायची, "सर, ही मॅट आहे की फरशी?"

"पडत राहा," सर म्हणायचे. "एक तर ती नरम होईल, नाहीतर तुम्ही."

तेव्हा सर तरुण होते. खांद्यावरून फेकले गेले तरी मांजरासारखे उठायचे. ते पडले की हॉल दणाणायचा, पण मला त्यांचा भार कधी जाणवला नाही. पडणं शिकावं ते त्यांच्याकडून, असं सगळे म्हणायचे.

मला सगळ्यात आधी पावलं कळतात. वर्षं गेली तसं सरांचं उजवं पाऊल जड पडू लागलं. मग गुडघा टेकताना त्यांचा श्वास अडकू लागला. मग उठताना माझ्यावर हात रोवावा लागू लागला, आधी एक, नंतर दोन्ही. कपडे धरून ओढण्यात बोटांचे सांधे सुजले. घासून घासून एक कान फुगला आणि बंद झाला. शेवटी हॉलच्या कडेला एक खुर्ची आली, आणि सर तिच्यावरून शिकवू लागले. हे एका दिवसात झालं असतं तर सगळे धावले असते. ते हळूहळू झालं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

आमच्या हॉलचे दोन नियम होते. पहिला, मॅटवर सर म्हणजे सरच. त्यांची स्वतःची मुलगी, जिला सगळे खार म्हणत, तीही माझ्यावर असताना त्यांना सर म्हणायची. कडेच्या बाहेर पाऊल टाकलं की बाबा.

दुसरा नियम माझ्या फार जवळचा. कोणी तुमचा हात पकडीत घेऊन कोपरातून उलटा ताणला, आणि सहन होईना, तर तळहाताने मला दोनदा थोपटायचं. आई बाळाला थोपटते तसं, फक्त जरा जोरात. थोपटलं की समोरच्याने त्या क्षणी सोडायचं. नुसतं ओरडून भागत नाही, कारण सरावात सगळेच ओरडतात.

पण भिंतीवर सरांचा एक फोटो होता, पदक घातलेला. नव्या मुलांना त्याची गोष्ट सांगितली जायची. अंतिम लढतीत सरांचा हात पकडीत सापडला, त्यांनी थोपटलं नाही, कोपर गेलं तरी सुटले आणि जिंकले. तो हात पुन्हा कधी सरळ झाला नाही, हेही सांगायचे, तेही कौतुकाने. म्हणून कोणी लवकर थोपटलं की खुर्चीवरून आवाज यायचा, "एवढ्यात?" आणि मुलं हसायची. त्यानंतर ते मूल थोपटायला उशीर करायचं.

वर्ग सुटला की सरांची बायको शर्ट घेऊन यायची. सरांच्या बोटांना बटणं लागत नसत.

"अहो, मान वर करा."

"होत नाही गं तेवढी."

"मग बटणाला सांगू खाली यायला?"

खार कडेला उभी राहून विचारायची, "बाबा, डॉक्टर काय म्हणाले?"

"कमरेचा सांधा झिजलाय म्हणे. बदलायचा. मी म्हटलं, बघू."

"म्हणजे दुखत नाही?"

"दुखत कोणाला नाही?"

खारीला ते फार शूर वाटायचं. तिची आई मात्र एकदा बटण लावता लावता हळूच म्हणाली, "तुमचं झालं ते झालं. हिचा हात मला सरळ हवाय."



निवड चाचणी जवळ आली होती. त्या संध्याकाळी खारीसमोर वर्गातली सगळ्यात उंच मुलगी होती, जिराफ म्हणायचे तिला. दोघी माझ्यावर आदळल्या आणि खारीचा हात पकडीत सापडला. जिराफ मागे रेलली. हात ताणला गेला.

खारीचा दुसरा तळहात माझ्यावर आला. उघडा, घामेजलेला. मी वाट पाहिली. तो वर उचलला गेला आणि तसाच थांबला. ज्या बाजूला तिचं डोकं वळलं, त्याच बाजूच्या भिंतीवर तो फोटो होता.

"सोड," सर म्हणाले. सरावाच्या आरडाओरड्यात जिराफला ते आपल्यासाठी वाटलंच नाही. खार कण्हत होती, पण थोपटत नव्हती.

सर खुर्चीतून उठायला गेले. कंबर उठली नाही. मग त्यांनी स्वतःला पुढे लोटून दिलं. सगळ्यांना पडायला शिकवणारा माणूस त्या दिवशी कसाही पडला, पोतं पडतं तसा. पडल्या पडल्या हात लांब करून त्यांनी मला थोपटलं. दोनदा. मग पुन्हा, आणि पुन्हा.

तो आवाज ऐकताच जिराफने सवयीने पकड सोडली. पण त्याच्या किंचित आधी खारीच्या कोपरातून बारीकसा आवाज आला होता. तो मला ऐकू आला. सरांच्या बंद कानाला आला नसावा.

खार कुशीवर वळली. मॅटवरच होती, तरी म्हणाली, "बाबा."

सरांच्या कमरेचं हाड मोडलं. आता ते कुबड्या घेऊन येतात. खारीचा हात जवळजवळ सरळ होतो. जवळजवळच. ती चाचणीला गेली नाही, पुढेही खेळली नाही.

"वरच्या फळीवरचा डबा काढायला घरात आता मीच उरले," तिची आई म्हणते. आधी कोणी तरी हसायचं. आता नाही हसत.

फोटो उतरवला आहे, भिंतीवर फिकट चौकोन तेवढा राहिला आहे. नवी मुलं येतात तेव्हा सर पहिला धडा थोपटण्याचा देतात. "जोरात. मला ऐकू आलं पाहिजे." मुलं दोन्ही हातांनी मला बडवतात आणि खार कडेला बसून प्रत्येकाचा तळहात बघते. तिथे कोणी आता "एवढ्यात?" म्हणत नाही.

मित्रांनो, माझा स्पंज दबला आहे, रेक्झिन फाटलं आहे. लवकरच मला काढून नवी मॅट बसवतील. स्पंज नवा मिळतो. कोपर तसं मिळत नाही. म्हणून तुम्ही माझ्या जागी आलेल्या मॅटवर उतराल तेव्हा कोणाकडे बघू नका. दुखलं की थोपटा. आम्ही त्याचसाठी खाली अंथरलेल्या असतो.