आरतीला माणूस

भास्करने निरांजन लावलं आणि झांजा हातात घेऊन तो ओटीवर कान देऊन उभा राहिला. आरतीची मंडळी शेजारच्या घरातून निघाली होती. गणपतीत वाडीतल्या प्रत्येक घरी जाऊन आरती म्हणायची, ही इथली रीत. खाणारा एकटा असूनही त्याने ताटभर खिरापत करून ठेवली होती. झांजांचा आवाज अंगणाच्या फाटकाशी, बेड्याशी आला, घुटमळला आणि पुढच्या घराकडे गेला.

त्यांचा तरी काय दोष? बेड्यापाशी पोलीस शिपाई दादू उभा. अंदमानातून सुटून आलेल्या भास्करकडे कोण जातं-येतं ते पाहायला सरकारने ठेवलेला. विषाची परीक्षा कोण घेणार?

एकेकाळी भास्करचंही सरकार होतं. पुण्यात भाड्याच्या खोलीत पाच विद्यार्थ्यांनी स्थापलेलं; विशीतला भास्कर त्याचा न्यायाधीश. त्याने एका गोऱ्या साहेबाला देहान्त शिक्षा फर्मावली. बॉम्ब फुटला, साहेब वाचला, गाडीवान मेला. काशीराम हे त्याचं नाव भास्करने खटल्यात प्रथम ऐकलं.

तो बेड्याशी गेला.

"दादू, आत ये रे. आरतीला माणूस नाही."

"मी पहाऱ्यावर हाय, भास्करपंत."

"मग आत येऊन पहारा कर."

दादूने वाटेकडे पाहिलं. मग वहाणा काढून तो आत आला. त्याचा आवाज खणखणीत होता. भास्करने दुसऱ्याच कडव्याला झांजांचा जोर वाढवला. कितीतरी वर्षांनी त्याच्या सुरात कुणी सूर मिसळला होता.

खिरापत हातावर पडताच दादू म्हणाला,

"थोडी बांधून द्या. भावजयीला नेतो."

"भाऊ मुंबईला असतो का?"

"नाय. पुण्याला होता. काशीराम. साहेबाची गाडी हाकायचा."

भास्करच्या हातातलं केळीचं पान फाटलं. त्याने दुसरं घेतलं.

"मीच तो, हे तुला माहीत होतं?"

"म्हणून तर हा पहारा मागून घेतला. तुम्हाला एकदा बघायचा होता."

पुडी दादूनेच बांधली. पायरी उतरताना तो थांबला.

"उद्या तिला आणतो आरतीला. काशीरामाचा गुन्हा काय होता, येवढाच तिला इचारायचा हाय."

दुसऱ्या संध्याकाळी मंडळी झांजा वाजवत पुढे निघून गेली, ते भास्करला कळलंही नाही. तो बेडं सताड उघडून वाटेकडे पाहत उभा होता.