टिपणिसांचं पाणी

टिपणिसांच्या पाठीवर पांढरं काहीतरी आलंय, हे आधी माझ्या बायकोला, सुमेधाला दिसलं. तसे टिपणीस अख्खेच पांढरे. पण हे पांढरं वेगळं होतं, कापूस पिंजून चिकटवल्यासारखं. मागच्या पायाची कातडी लाल झाली होती आणि तिचा एक पापुद्रा सुटून पाण्यात हलत होता.

टिपणीस म्हणजे बेडूक. आयुष्यभर पाण्यातच राहणाऱ्या जातीचा, लाल डोळ्यांचा, पाळीव. आमच्या मुलीनं, स्वप्नानं, माणिकपुरातल्या फिशटँकच्या दुकानातून आणलेला. बारावीच्या प्रॅक्टिकलला तिनं बेडूक फाडायला नकार दिला. जीवशास्त्राच्या टिपणीस सरांनी तिला आधी समजावलं, मग वर्गाबाहेर काढलं. त्याच संध्याकाळी ती काचेची टाकी आणि हा जिवंत बेडूक घेऊन घरी आली आणि तिनं त्याचं नाव टिपणीस ठेवलं. पुढे ती कॉमर्सला गेली. टिपणीस आमच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी राहिले.

गेल्या वर्षी स्वप्ना काविळीनं गेली. टँकरच्या पाण्याची कावीळ. सोसायटीत पुष्कळांना झाली, मलाही झाली. डॉक्टर म्हणाले, ही बहुतेकांची बरी होते, शंभरात एखादा जातो. आमच्या बिल्डिंगमध्ये शंभर माणसं नव्हतीच.

सोसायटीची तातडीची सभा झाली. टाकी धुऊन घेण्याचा ठराव आणि शोकप्रस्ताव असे दोन्ही एकाच कागदावर मंजूर झाले. शोकप्रस्तावाची प्रत आम्हाला मिळाली.

लोक भेटायला येत. खरे टिपणीस सरही आले होते. सोफ्यावर बसले, "हुशार होती हो," म्हणाले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सुमेधाचा आवाज आला, "अहो, टिपणिसांना खायला घातलंत का?"

"नको नको वहिनी, मी जेवून आलोय," सर म्हणाले.

मी उठून टाकीत अळ्या टाकल्या. सर बघत राहिले. स्वप्ना असती तर तिला हसू आवरलं नसतं, एवढं मला कळत होतं. हसू मात्र आलं नाही. त्या वर्षात बऱ्याच गोष्टी मला अशा कळत होत्या. तळपायाला मुंग्या आल्यावर पाय जमिनीला टेकलाय हे नुसतं दिसतं, जाणवत नाही, तशा.

सुमेधाचं वेगळं होतं. ती पाणी साफ करायची. सोसायटीचं पाणी सुटलं की आधी निळं पिंप भरायचं, मग हात कोपरापर्यंत आत घालून तुरटी फिरवायची, मग आरोग्य केंद्राच्या बाईंनी वाटलेले क्लोरीनचे थेंब टाकायचे. प्यायचं पाणी त्यानंतर उकळायचं, गाळायचं आणि पुन्हा उकळायचं. आमच्या चहाला पोहण्याच्या तलावाचा वास यायचा. स्वप्ना आजारी पडण्याआधीच्या दिवसांत आमचा गॅस संपला होता. सिलिंडरला नंबर लावलेला होता आणि सुमेधा पाणी न उकळता नुसतं फडक्यानं गाळून भरत होती. हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. त्यावर आम्ही कधी बोललो नव्हतो. बोलण्याऐवजी ती तुरटी फिरवायची आणि मी पिंपावर झाकण ठेवायचो.

टिपणिसांची टाकीही त्याच पिंपातल्या पाण्यानं भरायची. सुमेधाचं म्हणणं, तिचा बेडूक आहे, त्याला कमी-जास्त नको.

कापूस दिसल्यावर मी फिशटँकच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "फंगस है साब. कातडीला झालंय. पानी एकदम साफ रखो, रोज बदला. आणि ही निळी दवा."

मी घरी येऊन सांगितलं. सुमेधानं मान हलवली. स्वच्छतेचा आजार म्हणजे तिच्या ओळखीचा निघाला. आठवड्याला बदलायचं पाणी आम्ही रोज बदलू लागलो आणि जंतू आहेत म्हणून तिनं थेंब वाढवले. औषधानं टिपणीस निळसर झाले. कापूस मानेपर्यंत आला. खाणं सुटलं. टाकीच्या कोपऱ्यात तोंड घालून ते बसून राहायचे. पाठीची कातडी सोलवटून निघायची आणि खालून जी यायची तीही लालच असायची.

"हा जाणार का हो?" सुमेधानं एकदा विचारलं. भाजी निवडता निवडता, भाजीकडेच बघत.

"नाही," मी म्हणालो. हे मी आधीही एकदा म्हणालो होतो, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात. तेव्हाही मला काही माहीत नव्हतं.

मग टिपणिसांना झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. बाहेर बाकावर दोन कुत्री आणि एक बोकड बसलेला. आमचा नंबर आला.

"पेशंट?" डॉक्टरांनी विचारलं.

मी डबा उघडला. त्यांनी वाकून पाहिलं, चष्मा काढला आणि पुन्हा पाहिलं.

"याला मी आतून ओळखतो," ते म्हणाले. "बाहेरून बघायची वेळ पहिल्यांदाच येतेय."

"मग?"

"मग काय, स्किन इन्फेक्शन. मलम लावलं तर धुऊन जाईल. गोळी देऊ म्हटलं तर गिळवणार कोण? पाणी स्वच्छ ठेवा. अगदी स्वच्छ." त्यांनी फी घेतली नाही. म्हणाले, "शिकताना आम्ही यांच्याकडून भरपूर घेतलंय."

मी घरी सांगितलं, "अगदी स्वच्छ." सुमेधानं तुरटीचा नवा खडा काढला.

अशात वर्षश्राद्ध आलं. गावी, रत्नागिरीकडे जायचं होतं. टिपणिसांना ठेवायचं कुणाकडे? माझ्या ऑफिसातला प्लासिड उमेळ्याला राहतो. घर वाडवडिलांचं, मागे केळी आणि बावखल. बावखल म्हणजे इथल्या वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. त्याच्या तीन बाजूंना आता बिल्डिंगा आल्या आहेत. प्लासिड म्हणाला, "आण की. घरात सासूबाई ठेवल्या होत्या आठ महिने, बेडूक काय जड आहे?"

सुमेधानं पिंपातल्या पाण्याचे दोन कॅन भरून दिले. औषधाची बाटली दिली, ड्रॉपर दिला आणि प्लासिडच्या बायकोला, आग्नेसला, फोनवर सगळं दोनदा सांगितलं. आग्नेस दोन्ही वेळा "हो वहिनी" म्हणाली.

गावी भटजींनी विचारलं, मुलीला काय आवडायचं? सुमेधा म्हणाली, कोल्ड्रिंक. भटजींनी खीर सांगितली.

परत आल्यावर मी उमेळ्याला गेलो. सुमेधा आली नाही. तिला वाटत होतं, टिपणीस गेलेले असतील आणि प्लासिड फोनवर बोलायला लाजत असेल. मलाही तसंच वाटत होतं. रिक्षात बसून मी वाक्य तयार करत होतो, "सुमेधा, शेवटी म्हातारा झाला होता." तो किती वर्षांचा आहे, हे मला माहीत नव्हतं.

प्लासिडनं मला मागच्या अंगणात नेलं. विहिरीशेजारी सिमेंटचा हौद, कडेला शेवाळ, वर बगळे येऊ नयेत म्हणून जाळी. पाणी हिरवं. त्यानं हौदाच्या काठावर टिचकी मारली. "ओ मास्तर, पाव्हणे आलेत!"

टिपणीस तळातून तीरासारखे वर आले. तोंड बाहेर काढून हवा घेतली आणि गेले. पाठ साबणाच्या नव्या वडीसारखी होती. कापसाचा धागाही शिल्लक नव्हता.

"निळं औषध किती दिलंस?" मी विचारलं.

"कुठलं औषध? अरे हां, ते. फ्रीजवर आहे."

"आणि पाणी? कॅन?"

"एक कॅन रिक्षातून उतरवतानाच फुटला. दुसऱ्याला भलता वास येत होता, केळीत ओतला. केळ जरा नाराज आहे तेव्हापासून." तो हसला. "अरे नाचणकर, हौदात टाकला आणि विसरलो. गांडुळं देतो खणून. दमट जागा आहे, मिळतात."

आग्नेस चहा घेऊन आली. "त्यांचं नका ऐकू," ती म्हणाली. "मी नोव्हेना केली त्याच्यासाठी. नऊ दिवस प्रार्थना."

"बेडकासाठी?" प्लासिड म्हणाला.

"बेडकासाठी नाही. वहिनींसाठी."

नोव्हेनाला श्रेय द्यायला मी एका पायावर तयार होतो. घरी जाऊन सुमेधाला सांगता आलं असतं, आग्नेसनं प्रार्थना केली, बरा झाला. पण बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीनं पितो. हे मी स्वतः अकरावीत लिहून मार्क मिळवले होते. त्यानंतर त्या माहितीचा उपयोग करायची वेळ आली नव्हती. आली तेव्हा मी रोज बादलीनं क्लोरीन ओतत होतो.

टिपणिसांना डब्यात घालून आणि कॅनमध्ये प्लासिडच्या विहिरीचं पाणी भरून घरी आणलं. सुमेधा दारातच उभी होती. तिनं डब्यात पाहिलं. हात पदराला पुसले, पुन्हा पाहिलं. मग आत गेली आणि पिंपाचं झाकण काढल्याचा आवाज आला.

"सुमेधा, थांब," मी म्हणालो. "यांचं पाणी वेगळं काढू. त्यात काही घालायचं नाही. उघड्या बादलीत दोन दिवस ठेवायचं आणि मग टाकीत."

"काही न घालता?"

"हो."

"सोसायटीचं पाणी? तसंच?"

"प्लासिडनं काहीच घातलं नव्हतं. औषधही नाही. क्लोरीननं कातडी सोलवटत होती. ती उघडी पडली की मग बुरशी धरायची. तो कातडीनंच पाणी पितो."

तिचा हात पिंपातच होता. ती म्हणाली, "म्हणजे तो हे वर्षभर पीत होता."

"हो."

"आणि त्याचं बिघडत गेलं तसं मी वाढवत गेले."

"ओतत मी होतो."

तिनं हात बाहेर काढला. तुरटीचा खडा ओट्यावर ठेवला.

"तिच्या वेळी कमी पडलं," ती म्हणाली. "याच्या वेळी जास्त झालं."

वर्षभरात तिनं हे पहिल्यांदाच म्हटलं. यावर काहीतरी बोलायला हवं होतं, हे मला कळत होतं. तुझा दोष नाही, टँकरचा आहे, टाकीचा आहे, नशिबाचा आहे. पण हे सगळं डॉक्टर, सेक्रेटरी आणि नातेवाईक म्हणून गेले होते, आणि त्यांच्या म्हणण्यानं काही हललं नव्हतं. मी बादली भरून गॅलरीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी बादलीजवळ गेलो तर तोच क्लोरीनचा वास. सुमेधा मागे उभी होती.

"हात गेला," ती म्हणाली. "कधी गेला कळलंच नाही."

ती बादली मी ओतून दिली आणि दुसरी भरून ठेवली. टाकीत तोवर प्लासिडच्या विहिरीचं आणलेलं पाणी होतं, ते गढूळ झालं. दुसऱ्या बादलीतही थेंब पडले. या वेळी तिला कळलं होतं. ती म्हणाली, "मी बघत होते. थेंब पडताना बघत होते. साधं पाणी त्याला घालायचं म्हटलं की माझ्या छातीत धडधडतं हो."

"मी ऑफिसला बादली घेऊन जाऊ का?" मी म्हणालो. विनोद म्हणून म्हटलं असावं. तिनं तो खरोखर विचारात घेतला, आणि मग मान हलवून नको म्हणाली.

त्या गढूळ पाण्यात टिपणिसांच्या पायाला पुन्हा लाली दिसायला लागली होती. सुमेधा टाकीसमोर खुर्ची घेऊन बसली. टीव्ही बंद होता. बऱ्याच वेळानं म्हणाली, "त्यांना प्लासिडभावजींकडे देऊन टाका. कायमचे."

"स्वप्नाचं तेवढंच..."

"माहितीये मला," ती म्हणाली. "इथं ठेवले तर माझ्या हातून जातील. दुसऱ्यांदा नको."

रविवारी आम्ही दोघं रिक्षानं उमेळ्याला गेलो. डबा तिच्या मांडीवर होता. वाटेत ज्या वाडीत मागच्या वेळी मला माडाची झाडं दिसली होती, तिथे आता बिल्डरचा बोर्ड होता, "निसर्गाच्या सान्निध्यात". सुमेधानं त्याकडे पाहिलं नाही.

प्लासिडनं जाळी उचलली. हिरवं पाणी बघून ती थबकली. मला वाटलं, आता परत फिरेल. तिनं डबा हौदात तिरपा केला. टिपणीस क्षणभर डब्याच्या कडेला थांबले आणि मग खाली गेले. पाण्यावर काही राहिलं नाही.

"दिसत नाही," ती म्हणाली.

"खाली आहे, वहिनी."

"आहे हे कळणार कसं?"

"हवा घ्यायला वर येतो," प्लासिड म्हणाला. "यावंच लागतं त्याला."

आम्ही हौदाभोवती उभे राहिलो. शेजारच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी मिक्सर लावला होता. आग्नेसनं विहिरीच्या पाण्याचा पेला आणून सुमेधाच्या हातात दिला. सुमेधानं तो घेतला आणि हौदाच्या कडेवर ठेवला. प्यायली नाही.

प्लासिड म्हणाला, "बसा ना, खुर्च्या आणतो." त्यानं आणल्याही. कुणी बसलं नाही.

मी पाण्याकडे बघत होतो. इतका वेळ कुणाच्या श्वासाकडे बघत उभं राहण्याची सवय मला हॉस्पिटलमधल्या एका रात्रीत झाली होती आणि ती अजून गेलेली नव्हती. सुमेधानं माझी बाही धरली होती. कधी धरली ते मला कळलं नव्हतं.

पाणी फुटलं. दोन लाल डोळे, एक तोंड, आणि पुन्हा नुसतं वर्तुळ.

"आला," सुमेधा म्हणाली.

"आला ना?" प्लासिड म्हणाला. "सारखा येतो तो. चला, आत बसू या, चहा थंड होतोय."

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली आणि खुर्ची हौदाला अगदी लागून ओढून घेतली. "अजून एकदा येऊ दे."