सहावं मत

व्हर्ना डीट्झ बावीस वर्षं ऑल्डन क्रीकच्या नगर परिषदेवर होती आणि बावीस वर्षं तिने एक पथ्य कडकपणे पाळलं होतं. जमिनीच्या वापराचा अर्ज परिषदेपुढे आला की अर्जदाराशी त्याबद्दल चकार शब्द बोलायचा नाही. सुनावणीआधीच ज्याने मत ठरवलं त्याने मत द्यायचं नाही, असा नियमच होता. सख्ख्या भावाच्या गॅरेजचा अर्ज होता त्या वर्षी तर ही बाई त्याच्याकडे नाताळच्या जेवणालाही गेली नाही. भावजय अजून टोमणे मारते.

आणि मग लॉरीन कोव्हारचा अर्ज आला.

दोघी पहिलीपासूनच्या मैत्रिणी. लॉरीनच्या नवऱ्याला, ऑर्विलला, ऑगस्टमध्ये अर्धांगवायूचा झटका आला आणि तेव्हापासून तो चाळीस मैलांवरच्या शुश्रूषागृहात पडून होता. लॉरीन रोज जायची आणि तो रोज एकच विचारायचा, "घरी कधी?" पण एकटीला तो उचलवत नव्हता. मुलगी जोलीन नर्स होती. नवरा-पोरांसकट परत यायला ती तयार होती, फक्त परसात तिच्यासाठी छोटंसं घर बांधावं लागणार होतं. त्या गल्लीत मात्र एका जागेवर एकच घर, असा नियम होता. तो बदलून हवा तर परिषदेकडे अर्ज करायचा.

शेजारच्या पाच घरांनी लेखी हरकत घेतली. माणसं वाईट नव्हती, ऑर्विल आजारी पडल्यावर सूपचे डबे त्यांनीच पोचवले होते. पण आज लेक राहील आणि उद्या भाडेकरू येतील, ही धास्ती. इतक्या शेजाऱ्यांची हरकत असली की साधं बहुमत पुरत नाही, सातांपैकी सहा मतं लागतात. सातांतला गेराल्ड टफ्ट तर उद्या सूर्य उगवण्याचा अर्ज आला तरी नाहीच म्हणाला असता. म्हणजे उरलेल्या सहाही जणांचा होकार हवा होता.

सुनावणीच्या आदल्या रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात नेहमीची कॉफी होती. लॉरीनने अर्जाचा विषयसुद्धा काढला नाही. कॉफी ओतता ओतता एवढंच म्हणाली, "बर्फ पडायला लागलं की मला रोज जाता नाही येणार गं. त्याला वाटेल, मी टाकलं त्याला."

व्हर्नाचा जीव तुटला. तिने लॉरीनचा हात धरला. "काळजी करू नकोस. माझं मत तुझंच आहे."

खरं तर त्याच दमात 'कुणाला सांगू नकोस' एवढं म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आलेही. पण तसं म्हणणं म्हणजे आपण नियम मोडला हे कबूल करणं, आणि बावीस वर्षांची अब्रू आडवी आली. मला विचाराल तर घात त्या अब्रूनेच केला.

मंगळवारी संध्याकाळी सभागृहात पन्नासेक माणसं होती. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं, लाल दिवा लागला की खाली बसायचं. आधी शेजारचा ड्वेन हरुस्का उठला. "लॉरीनबद्दल आमचं काही नाही," तो मान खाली घालून म्हणाला, "पण नियम तो नियम." मग लॉरीन उठली. चर्चला जाताना घालायचा ठेवणीतला कोट घालून आली होती. कागदावरचं सगळं नीट वाचून झालं तरी हिरवा दिवा चालूच होता, तेव्हा ती वर बघून हसली.

"आणि व्हर्ना, तुझे आभार गं. रविवारी तू म्हणालीस ना, काळजी करू नकोस, माझं मत तुझंच, तेव्हा दोन महिन्यांत पहिल्यांदा झोप लागली मला."

नगर परिषदेच्या वकिलाने लिहिता लिहिता मान वर केली. "मिसेस डीट्झ, हे खरं आहे?"

"खरं आहे का म्हणजे?" लॉरीनच उसळली. "हवं तर शपथेवर सांगते!"

व्हर्नाला नाही म्हणता आलं असतं. पण मग भर सभेत लॉरीन खोटी पडली असती. आणि हो म्हटलं तर ऑर्विल शुश्रूषागृहातच राहणार होता.

"हो," ती म्हणाली. "म्हणाले मी."

"मग तुम्हाला या अर्जावर मत देता येणार नाही. बाहेर बसावं लागेल."

व्हर्नाने कोट उचलला. लॉरीनला वाटलं, ही सहज बाहेर निघाली. "अगं, आत्ता कुठे चाललीस? थांब की, मतं द्यायचीत!" लोक हसले. व्हर्नाने मागे वळून पाहिलं नाही.

बाहेरच्या बाकावर बसून तिने दाराआडून मतं ऐकली. होकार, होकार, मग गेराल्डचं नाही, पुन्हा होकार, आणखी दोन. पाच. उरलेलं मत इथे बाकावर बसलं होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. ती ढसढसा रडली असती, पण तेवढ्यात दार उघडलं.

लॉरीन जवळजवळ धावतच आली. पुढचं काही ऐकायला ती थांबलीच नव्हती. हातात फोन होता.

"पाच विरुद्ध एक! ऐकलंस ना? ऑर्विलला आत्ताच कळवते, अजून झोपला नसेल."

"लॉरीन, फोन ठेव."

"का गं?"

"पाच पुरत नाहीत. सहा लागतात."

"पण सहावी तर तू आहेस."

"मला उठवलं. मी तुला आधीच शब्द दिला होता म्हणून."

लॉरीनने फोन खाली घेतला. "मग पुढच्या महिन्यात पुन्हा घालू अर्ज. तेव्हा मी काहीच बोलणार नाही."

"एकदा फेटाळला की वर्षभर घेत नाहीत."

ऑर्विल उन्हाळा पाहील की नाही ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. हे दोघींनाही ठाऊक होतं. लॉरीन बाकाच्या कडेला टेकली.

"मी तुझं नाव घ्यायला नको होतं का गं?" तिने हळूच विचारलं. "आभार मानायला हवेत, असं वाटलं मला."